बर्न्सच्या रुग्णात रिव्हर्सल ‘लागत नाही’ तेव्हा

त्वचेचं ग्राफ्टिंग संपलं, पट्ट्या बांधून झाल्या, भुलीचा गॅस बंद केला. रिव्हर्सल, म्हणजे स्नायूंची शिथिलता उतरवणारं नीओस्टिग्मिन-ग्लायकोपायरोलेट, देऊन दहा मिनिटं उलटली. रुग्ण डोळे किलकिले करतो, पण मान टेबलावरून सुटत नाही, हाताची पकड नाही, श्वास तर नुसता पोटानं हेलकावे खात चाललेला. ओटीतलं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “सर, अजून एक अँप्यूल देऊ?” त्याच्या पाठोपाठ कारणही तयार असतं: “बर्न्सचा पेशंट आहे ना, रिसेप्टर वाढलेत, म्हणून रिव्हर्सल लागत नाहीये.”

हे कारण उलटं आहे. रिसेप्टर, म्हणजे स्नायूवरच्या ज्या जागा औषध अडवतं त्या, वाढल्यामुळे रिलॅक्सन्ट (स्नायू ढिले करणारं औषध) कमी लागू पडतं आणि लवकर उतरतं. म्हणजे निव्वळ भाजण्याचा विचार केला, तर हा रुग्ण इतरांपेक्षा सहज सुटायला हवा. तो ढिलाच राहिला असेल तर रिसेप्टरकडे बोट दाखवणं सगळ्यात शेवटी करायचं. त्याआधी बघण्यासारखं बरंच असतं, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं: रिलॅक्सन्ट गरजेपेक्षा जास्त गेलेलं असतं, रुग्ण गार पडलेला असतो, किंवा मुळात उरलेली शिथिलता कोणी मोजलेलीच नसते.

हा मजकूर भूलतज्ज्ञ आणि बधिरीकरणशास्त्राचे रेसिडेंट यांच्यासाठी आहे. डोस प्रौढ रुग्णांचे आहेत.

पहिली पाच मिनिटं

ट्यूब काढू नका. हे लिहावं लागतं, कारण सर्जन हातमोजे काढून उभे असतात, पुढची केस दारात असते आणि “घेतोय की श्वास” असं कोणीतरी म्हणतंच. बर्न्सच्या रुग्णात घाईनं ट्यूब काढण्याची किंमत जास्त आहे. चेहरा-मान भाजलेली असेल तर सूज असते, जुनी केस असेल तर मानेचं कॉन्ट्रॅक्चर (व्रणामुळे आखडणं) असतं, आणि गडबड झालीच तर आपला नेहमीचा आधार, म्हणजे झटपट शिथिलता देणारं सक्सिनिलकोलीन, या रुग्णाला बंद असतं.

व्हेंटिलेशन हातात घ्या आणि रुग्णाला पुन्हा झोप द्या. थोडं प्रोपोफॉल किंवा थोडा गॅस पुरतो. शुद्धीवर असून हात हलवता न येणं हा अनुभव भयंकर असतो. या रुग्णांना पुढचे कित्येक आठवडे दर दोन-तीन दिवसांनी ओटीत यायचं असतं. ती भीती एकदा मनात बसली की वॉर्डातून ट्रॉली निघतानाच रडारड सुरू होते.

मग मोजा. न मोजता दुसरी अँप्यूल नको.

रिसेप्टर वाढतात म्हणजे काय होतं

शरीराचा साधारण २५ ते ३० टक्क्यांहून जास्त भाग भाजला की स्नायूवरचे ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर, जे एरवी मज्जातंतूच्या टोकाशी एका ठिकाणी गोळा झालेले असतात, ते स्नायूच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरायला लागतात. त्यात गर्भावस्थेतल्या प्रकारचे अपरिपक्व रिसेप्टर असतात, अल्फा-७ प्रकारचेही असतात. भाजलेल्या भागाखालच्या स्नायूंत हा बदल जास्त ठळक असतो. अंथरुणाला खिळून राहणं आणि जंतुसंसर्ग त्यात भर घालतात.

याचे दोन परिणाम होतात. सक्सिनिलकोलीन दिलं तर इतक्या सगळ्या ठिकाणांहून एकदम पोटॅशियम बाहेर पडतं की हृदय थांबू शकतं. भाजल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत ते चालतं; ४८ तास उलटल्यावर नको. जखमा पूर्ण भरून रुग्ण चालता-फिरता होईपर्यंत नको, आणि मोठ्या बर्न्समध्ये त्यानंतरही वर्ष-दोन वर्षं मी तरी हात लावत नाही.

दुसरा परिणाम रिलॅक्सन्टवर. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम या सगळ्यांना आता कितीतरी जास्त रिसेप्टर अडवायचे असतात. पंगतीत पानं तिप्पट मांडली आणि आमटीचं पातेलं तेवढंच ठेवलं, तर शेवटच्या पानापर्यंत आमटी पोचत नाही, तसं काहीसं. शिवाय यकृत जास्त बनवू लागलेलं अल्फा-१ आम्ल ग्लायकोप्रोटीन काही औषध बांधून ठेवतं आणि मूत्रपिंडातून निचराही वाढलेला असतो. हा रेझिस्टन्स साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसायला लागतो, दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि काही महिने टिकतो. डोस दुप्पट-तिप्पट लागू शकतो, काम सुरू व्हायला वेळ लागतो आणि परिणाम लवकर ओसरतो. पाच-दहा टक्के भाजलेल्या रुग्णात यातलं फारसं काही दिसत नाही. तिथे ‘बर्न्स’ हा शब्द ऐकून डोस वाढवला तर तो साधा ओव्हरडोस ठरतो.

तारखांकडे नीट बघा. भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला रुग्ण आणि अठराव्या दिवशी आलेला रुग्ण यांच्यात फार मोठा फरक असतो. दुसऱ्या दिवशी रेझिस्टन्स अजून आलेलाच नसतो. पुस्तकातलं वाक्य आठवून त्याला तिप्पट डोस दिला तर तो तासन्‌तास ढिला राहील, आणि दोष मात्र रिव्हर्सलवर जाईल.

मोजायचं कुठे, हीच खरी अडचण

एरवी मनगटाशी अल्नर नर्व्हवर इलेक्ट्रोड लावून लागोपाठ चार वेळा वीज द्यायची आणि अंगठ्याचे किती झटके येतात ते बघायचं, एवढंच काम. बर्न्समध्ये दोन्ही हात पट्ट्यांत, कातडी गेलेली किंवा मेलेली, सूज आलेली. म्हणून मॉनिटर लागतच नाही. “जागाच नाही” हे वाक्य फाइलमध्ये लिहिलं जातं आणि विषय संपतो. जागा बहुतेक वेळा असते, फक्त शोधावी लागते.

हात नसेल तर पाय. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, पोस्टिरियर टिबियल नर्व्हवर इलेक्ट्रोड लावा आणि पायाचा अंगठा खाली वळतो का ते बघा. मांडीवरून त्वचा घेतली असेल तरी घोटा सहसा मोकळा असतो. ज्या अवयवाला टूर्निके बांधलंय तो मात्र वगळा. तिथे औषध पोचलेलंही नसेल किंवा आत अडकून बसलेलं असेल, आकडा दोन्हीकडून खोटा.

चेहरा हा शेवटचा पर्याय, आणि तोही सावधपणे. डोळ्याभोवतीचे आणि भुवईचे स्नायू हाताच्या अंगठ्यापेक्षा लवकर जागे होतात. तिथे चार झटके दिसले म्हणून घसा आणि श्वसनमार्ग उघडा ठेवणारे स्नायू तयार झालेत असं नसतं. त्यातून इलेक्ट्रोड स्नायूच्या अगदी वर पडला तर वीज नर्व्हला न जाता थेट स्नायूला जाते आणि गाढ शिथिलतेतही छान फडफड दिसते. चेहऱ्यावरच्या आकड्यावर ट्यूब काढण्याचा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भूल देताना आणि शस्त्रक्रिया चालू असताना चेहरा वापरा, रिव्हर्सलच्या आधी पायावर या.

उलटी फसगतही होते. झटके शून्य दिसतात आणि आपण समजतो की शिथिलता गाढ आहे, पण प्रत्यक्षात सुजलेल्या, जाड झालेल्या कातडीतून करंट नर्व्हपर्यंत पोचतच नसतो. अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे पडून असलेल्या रुग्णात नर्व्ह आणि स्नायू स्वतःच दुबळे झालेले असतात, तिथेही झटके क्षीण दिसतात. यावर उपाय एकच: रुग्ण झोपल्यावर, पण रिलॅक्सन्ट देण्याआधी, त्याच जागेवर एकदा मोजून ठेवा. किती मिलिअँपिअरला चारही झटके सारखे येतात ते लिहून ठेवा. सूज असेल तर नेहमीचे ५०-६० पुरत नाहीत. हा आधीचा आकडा नसेल, तर शेवटी दिसलेल्या शून्याचा अर्थ लावता येत नाही.

चार झटके हाताला सारखे लागले म्हणजे काम झालं, हाही गैरसमज आहे. चौथा झटका पहिल्याच्या ४० टक्क्यांवर आला की तो कमी आहे हे बोटांना कळेनासं होतं. आपल्याला हवा असतो ९०. मधला सगळा पट्टा डोळ्यांना आणि बोटांना दिसतच नाही, आणि नेमका याच पट्ट्यात रुग्ण रिकव्हरीत जाऊन ऑक्सिजनला खाली येतो. पाच सेकंद मान उचलण्याची परीक्षा त्याहून कच्ची. साठ टक्क्यांवरही लोक मान उचलतात. इथे तर मानेवर ग्राफ्ट असतो, केटामिन दिलेलं असतं, रुग्ण भलतीकडेच टक लावून बघत असतो. त्याला मान उचल म्हणण्यात अर्थच नाही.

आकडा देणारं यंत्र मिळालं तर तेच वापरा. अंगठा कॉन्ट्रॅक्चरमुळे हलतच नसेल तर हालचाल मोजणाऱ्या यंत्राचा उपयोग नाही, स्नायूतली वीज मोजणारं यंत्र तिथे चालतं. जिल्हा पातळीवर पुष्कळ ठिकाणी साधा नर्व्ह स्टिम्युलेटरही कपाटात कुलूपबंद असतो, हे मला माहीत आहे. निदान बर्न्सच्या यादीच्या दिवशी तो बाहेर काढा आणि बॅटरी बघून घ्या.

औषध साठतं कसं

समजा ५० किलोचा रुग्ण, ३५ टक्के भाजलेला, अठरावा दिवस. रोक्युरोनियम १.२ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६० मिलिग्रॅम. ते जमायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. अर्ध्या तासात रुग्ण हलतो, सर्जन ओरडतात. दहा मिलिग्रॅम दिलं, ते दहा मिनिटांत उतरलं. मग रेसिडेंट म्हणतो, याला जास्तच लागतं, आणि प्रत्येक वेळी वीस-वीस द्यायला लागतो. दोन तास हे चालतं. या दोन तासांत एक्सिजन (मेलेली कातडी काढणं) होतं, रक्तस्राव होतो, रक्त चढतं, उघड्या अंगानं उष्णता जाते, रुग्ण ३४ अंशांवर येतो. वीसचा शेवटचा डोस स्टेपलर चालू असताना गेलेला असतो, ‘ड्रेसिंग होईपर्यंत हलू नये’ म्हणून. ड्रेसिंग वीस मिनिटांत आटोपतं. आता रुग्णाचे रिसेप्टर जास्त आहेत हे खरं, पण औषध त्याहून जास्त आहे आणि ते काढून टाकणारी यंत्रणा गारठलेली आहे.

इथे मला एक साधी गोष्ट बोलायची आहे. कातडी खरवडून ग्राफ्ट लावायला पोट उघडण्याइतकी शिथिलता लागतच नाही. रुग्ण हलतो तो बहुतेक वेळा वेदनेमुळे किंवा भूल हलकी झाल्यामुळे. त्याला ओपिऑइड द्या, केटामिन द्या, गॅस वाढवा, प्रोपोफॉल द्या, जमेल तिथे मांडीच्या डोनर साइटसाठी ब्लॉक द्या. बर्न्सच्या रुग्णांना ओपिऑइड भरपूर लागतं, आणि ते पुरेसं दिलं गेलं नाही की त्याची भरपाई रिलॅक्सन्टनं होते. ट्यूब घालायला रिलॅक्सन्ट द्या, नंतर गरज वाटली तर मोजून द्या. एवढ्यानं ही अडचण निम्म्याहून जास्त सुटते, असा माझा अनुभव आहे.

गारठा, आम्ल, अँटिबायोटिक

शरीराचं तापमान दोन अंशांनी उतरलं तर व्हेक्युरोनियमचा परिणाम जवळजवळ दुप्पट वेळ टिकतो. ॲट्राक्युरियमचं विघटन हॉफमन पद्धतीनं आपोआप होतं म्हणून ते ‘सुरक्षित’ मानलं जातं, पण ती प्रक्रिया तापमानावर आणि रक्ताच्या आम्लतेवर अवलंबून आहे. गारठलेल्या, ॲसिडोसिसमधल्या रुग्णात तीही मंदावते. बर्न्सच्या ओटीत ३० अंशांच्या आसपास तापमान ठेवतात ते यासाठीही. सर्जन घामाघूम होतात, एसी लावायला सांगतात. नाही म्हणायचं काम आपलंच. रुग्ण ढिला आहे आणि अंग थंड लागतंय, तर आधी गरम हवेचं पांघरूण, गरम सलाइन, आणि वाट. गार रुग्णाला रिव्हर्सल देऊन दहाव्या मिनिटाला चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

कार्बन डायऑक्साइड साचलेला असेल तर नीओस्टिग्मिन कमजोर पडतं. गंमत अशी की ‘श्वास घ्यायला लागावा म्हणून’ आपणच व्हेंटिलेशन कमी करून कार्बन डायऑक्साइड वाढवत असतो. रिव्हर्सल दिल्यानंतरची दहा मिनिटं व्हेंटिलेशन नीट चालू ठेवा.

मग फाइल उघडून अँटिबायोटिक बघा. बर्न्स वॉर्डात अमिकासिन आणि कोलिस्टिन ही रोजची औषधं आहेत. दोन्ही शिथिलता वाढवतात. क्लिंडामायसिनही. शस्त्रक्रियेआधीचा डोस म्हणून अमिकासिन ओटीतच गेलेलं असतं आणि ते भूलनोंदीत नसतं, कारण ते सिस्टरनं दिलेलं असतं. मॅग्नेशियम दिलंय का, पोटॅशियम किती उतरलंय, भरपूर रक्त चढल्यावर कॅल्शियम किती आहे, हेही पाहा. कोलिस्टिनमुळे झालेली शिथिलता नीओस्टिग्मिनला भरवशानं दाद देत नाही. तिथे व्हेंटिलेटर हाच उपाय.

मूत्रपिंड बिघडलं असेल आणि व्हेक्युरोनियम वापरलं असेल, तर त्याचं एक उपउत्पादन जवळपास मूळ औषधाइतकंच प्रभावी असतं आणि ते साठत जातं. मोठ्या बर्न्समध्ये मूत्रपिंड दुखावलेलं असणं नवीन नाही.

नीओस्टिग्मिन: कधी, किती आणि कुठे थांबायचं

नीओस्टिग्मिन रिलॅक्सन्टला हात लावत नाही. ते ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे रुग्णाचं स्वतःचं ॲसिटिलकोलीन वाढतं आणि ते रिलॅक्सन्टला बाजूला सारतं. एन्झाइम पूर्ण अडवलं गेलं की त्यापुढे कितीही दिलं तरी फायदा नाही. म्हणून त्याला कमाल मर्यादा आहे: ७० मायक्रोग्रॅम प्रति किलो, आणि एकूण ५ मिलिग्रॅम. वरच्या ५० किलोच्या रुग्णाला ही मर्यादा साडेतीन मिलिग्रॅम येते. तयार मिश्रणाच्या एका अँप्यूलमध्ये अडीच मिलिग्रॅम असतं. म्हणजे ‘अजून एक अँप्यूल’ पूर्ण दिली की मर्यादा ओलांडली जाते, आणि हाती लागते ती लाळ, आकुंचित श्वासनलिका आणि मंदावलेली नाडी.

झटके एक-दोनच असताना नीओस्टिग्मिन दिलं तर रुग्ण सुटायला अर्धा तास आणि त्याहूनही जास्त लागू शकतो, काही वेळा तो ९० टक्क्यांपर्यंत पोचतच नाही. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नीओस्टिग्मिनची जागा तेव्हाची, जेव्हा चौथा झटका पहिल्याच्या ४० टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. आकडा देणारं यंत्र नसेल आणि ॲट्राक्युरियम वापरलं असेल, तर नीओस्टिग्मिन दिल्यावर ट्यूब काढण्याआधी किमान दहा मिनिटं थांबा, असंही त्या सूचना सांगतात. आपल्याकडे ही दहा मिनिटं फार क्वचित पूर्ण होतात.

बर्न्सच्या रुग्णात रक्तातलं रिलॅक्सन्ट जास्त असतं, मग नीओस्टिग्मिनही जास्त लागेल का? नाही. नेहमीचाच डोस पुरतो, फक्त झटके पुरेसे परत आलेले हवेत. रिसेप्टर वाढल्यामुळे रिव्हर्सलचा डोस वाढवायचा नसतो.

एक गोष्ट इथे हमखास निसटते. मोठ्या बर्न्सच्या रुग्णांना चयापचयाचा भडका कमी करायला प्रोप्रॅनोलॉल दिलेलं असतं. एरवी १३० नाडी असलेला रुग्ण ९० वर आलेला असतो आणि आपण म्हणतो, छान, स्थिर आहे. अशा रुग्णात नीओस्टिग्मिन दिल्यावर नाडी चाळिशीत जाऊ शकते. उलट प्रोप्रॅनोलॉल नसेल तर ग्लायकोपायरोलेटनं आधीच पळणारी नाडी आणखी पळते, म्हणून काही जण ग्लायको कमी करतात. तसं करू नये. सावकाश द्या, मॉनिटरवर नजर ठेवा, ॲट्रोपिन ओढून जवळ ठेवा.

सुगामाडेक्स, आणि त्याच्या मागे लपलेला सापळा

रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम वापरलं असेल तर सुगामाडेक्स हे बर्न्ससाठी तर्काला धरून असलेलं औषध आहे. ते रिसेप्टरकडे जातच नाही. रक्तातल्या रिलॅक्सन्टच्या रेणूला ते आपल्या पोकळीत बंद करतं, आणि रक्तातलं प्रमाण घटलं की रिसेप्टरवरचं औषध आपोआप बाहेर येतं. रिसेप्टर कितीही, कुठेही वाढलेले असोत, त्याला फरक पडत नाही. ॲट्राक्युरियम आणि सिसॲट्राक्युरियमवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी मध्येच औषध संपलं म्हणून रोक्युरोनियमनंतर ॲट्राक्युरियम दिलेल्या केसमध्ये ते विसरलं जातं. शेवटची सिरिंज कशाची होती ते विचारा.

दुसरा झटका परत आला असेल तर २ मिलिग्रॅम प्रति किलो. झटके शून्य, पण टेटॅनिक (सलग, जलद) उत्तेजनानंतर एक-दोन दिसत असतील तर ४. तेही दिसत नसतील तर थांबा. १६ चा डोस हा ‘ट्यूब जात नाही, तोंडानं हवाही जात नाही’ अशा वेळचा आहे. तो मिळाला म्हणून श्वसनमार्ग सुटेलच असंही नाही. सूज आणि कॉन्ट्रॅक्चर औषधानं जात नाही.

डोसचा हिशोब दुसऱ्या बाजूनंही करून बघावा. एक मिलिग्रॅम रोक्युरोनियम बांधायला साधारण ३.६ मिलिग्रॅम सुगामाडेक्स लागतं. ५० किलोच्या रुग्णाला २ मिलिग्रॅमच्या हिशोबानं दिलेलं १०० मिलिग्रॅम सुमारे २८ मिलिग्रॅम रोक्युरोनियम बांधेल. साध्या रुग्णात दोन झटके दिसतात तेव्हा शरीरात जेवढं औषध उरलेलं असतं, त्यापेक्षा रेझिस्टन्स असलेल्या रुग्णात तेच दोन झटके दिसताना जास्त उरलेलं असू शकतं. नेहमीच्या डोसनं बर्न्सचे रुग्ण सहसा व्यवस्थित सुटतात. पण शेवटच्या तासात मोठे टॉप-अप गेले असतील तर मी खालच्या डोसवर कंजुषी करत नाही, आणि ९० टक्के आल्यावरही आणखी काही मिनिटं मॉनिटर काढत नाही. डोस कमी पडला तर शिथिलता परत येऊ शकते.

आता सापळा. ट्यूब काढली, आणि अर्ध्या तासात रिकव्हरीत स्वरयंत्र आकसलं किंवा सूज वाढली. पुन्हा ट्यूब घालायची आहे. एरवी अशा वेळी हात सक्सिनिलकोलीनकडे जातो. इथे ते बंद. रोक्युरोनियम द्यावं तर रक्तात सुगामाडेक्स फिरतंय. ४ मिलिग्रॅमपर्यंतचा डोस दिल्यावर पाच मिनिटांनंतर १.२ मिलिग्रॅम प्रति किलो रोक्युरोनियम देता येतं, पण ते लागू व्हायला चार मिनिटांपर्यंत लागू शकतात आणि टिकतं कमी. त्यात हा रुग्ण आधीच रेझिस्टंट. ०.६ च्या साध्या डोससाठी चार तास थांबायला सांगतात. ॲट्राक्युरियमला सुगामाडेक्सची अडचण नाही, पण बर्न्समध्ये त्यालाही वेळ लागतो आणि जास्त लागतं. थोडक्यात, झटपट शिथिलता देणारं एकही औषध हातात उरत नाही.

म्हणून हा विचार सुगामाडेक्स देण्याआधी करायचा. श्वसनमार्गाची शंका असलेला रुग्ण असेल, म्हणजे चेहरा भाजलेला, धुराचा मारा झालेला, ट्यूबचा फुगा (कफ) सैल केल्यावर तिच्याभोवती हवा न सुटणारा, तर त्याला सुटला म्हणून लगेच मोकळा करू नका. ट्यूबसह अतिदक्षता विभागात न्या, सकाळी काढा. आणि काढायचंच ठरलं तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, बूजी, प्रोपोफॉल रिकव्हरीत बाजूला असू द्या. स्वरयंत्र आकसलं तर घट्ट मास्क, दाबानं ऑक्सिजन आणि प्रोपोफॉल यांवरच बहुतेक वेळा काम भागतं.

क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३० च्या खाली असेल तर सुगामाडेक्सच्या माहितीपत्रकात त्याची शिफारस नाही, कारण बांधलेली जोडी मूत्रपिंडातूनच बाहेर जाते. नाडी मंदावणं इथेही होतं, त्यामुळे प्रोप्रॅनोलॉलची आठवण इथेही ठेवा. किंमत हा मुद्दा आहेच. सगळ्यांना देणं परवडत नसेल तर एक-दोन व्हायल ठेवा आणि त्या अशाच रुग्णांसाठी राखा.

आकडा ९० च्या वर आहे, तरी रुग्ण उठत नाही

मग रिव्हर्सलचा संबंध संपला. आणखी काहीही टोचू नका. बाहुल्या बघा. टाचणीएवढ्या असतील आणि श्वास मिनिटाला सहा-आठ, पण खोल असेल, तर ओपिऑइड. केटामिन असेल तर डोळे फिरत असतात, स्नायूंत ताकद असते, नुसतं ऐकत नाही. साखर बघा, हे रुग्ण उपाशी असतात, इन्सुलिनवर असतात. छातीभोवतीची पट्टी हात घालून पाहा. ग्राफ्ट हलू नये म्हणून आवळलेल्या पट्टीनं छाती फुलतच नसेल तर रुग्ण उथळ आणि भरभर श्वास घेतो, आणि बाहेरून ते अगदी उरलेल्या शिथिलतेसारखं दिसतं. कात्रीनं दोन पट्ट्या सैल केल्या की सुटतो. सर्जनला विचारून, पण वाट न बघता.

वॉर्डात काय लिहून पाठवायचं

भाजल्याचा कितवा दिवस, किती टक्के, कोणतं रिलॅक्सन्ट एकूण किती लागलं, मॉनिटर कुठे लावता आला आणि किती करंटला झटके आले, शेवटचा आकडा किती. पुढच्या वेळी भूल देणारा माणूस दुसरा असणार, आणि दोन आठवड्यांनी डोस बदललेला असणार. मागचा आकडा समोर असेल तर तो अंदाजानं दुप्पट-तिप्पट करणार नाही. ‘सक्सिनिलकोलीन नको’ हे फाइलच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, आणि डिस्चार्ज कार्डवरही. कॉन्ट्रॅक्चर सोडवायला रुग्ण सहा महिन्यांनी भलत्याच गावच्या रुग्णालयात जातो. सुगामाडेक्स दिलं असेल तर वेळ आणि डोस लिहा. रुग्ण गर्भनिरोधक गोळ्या घेणारी बाई असेल, तर पुढचे सात दिवस दुसरं साधनही वापरायला तिला सांगा. हे रिकव्हरीत गुंगीत असताना न सांगता, दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन सांगा.